जुना गोठा पाडण्याचा गुत्ता

रानांतलीं कामें आटोपलीं, म्हणजे देगलूरच्या आसपास जुने माळवदाचे गोठे पाडण्याचीं कामें निघतात. गुत्तेदार येतो, गोठ्याभोंवतीं एक फेरी मारतो, आणि "जुना माल माझा, पाडणावळ तुम्हांस माफ" असें सांगून इसार ठेवून जातो. मालकास काम फुकटांत झालें असें वाटतें. आमच्या मतें या सौद्यांत मालक बहुधा नागवला जातो.

पडक्या गोठ्यांत खरें मोल सागवानाला. १० फूट लांब, ६ इंच रुंद व ६ इंच जाड अशा एका तुळईंत अडीच घनफूट लांकूड असतें. अशा वीस तुळया म्हणजे ५० घनफूट. खांब व कडीपाट निराळे. वखारींत जुन्या सागाचा भाव विचारावा व मगच गुत्तेदाराशीं बोलावें. गोठ्याच्या भुईची मातीही त्याला देऊं नये. वर्षानुवर्षें जनावरांचें मूत्र मुरून ती खतासारखी झालेली असते. तिची जागा आपल्या रानांत, कोणाच्या भरावांत नव्हे.

परंतु लांकडाहून आम्हांस अधिक काळजी वाटते ती मजुरांची. गळती थांबविण्यासाठीं मातीवर माती चढवीत गेल्यानें जुनें माळवद फार जड झालेलें असतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें ८,००० माणसें मेलीं, तीं बहुतांशीं असल्याच माळवदांखालीं आणि मातींत रचलेल्या दगडी भिंतींखालीं. आणि आमचे गुत्तेदार त्याच भिंतीचा पाया पहारीनें पोखरून सबंध गोठा एकदम आडवा करतात! उक्त्या कामांत जितका दिवस वाचेल तितका नफा. मग घाई कां होणार नाहीं? जेसीबी यंत्रानें दिवस वाचतो खरा, पण तुळया मोडून सरपण होतें.

प्रथम माळवदाची माती घमेल्यांनीं उतरावी, मग कडीपाट, मग तुळया, आणि शेवटीं भिंती वरून खालीं थराथरानें. हा क्रम, लांकडाची मोजणी, आणि मजुरास इजा झाल्यास खर्च कोणाचा, हीं तिन्ही कलमें इसार घेण्यापूर्वींच करारपत्रांत यावींत. गुत्तेदार कुरकुरेल, दुसरा पाहावा. काम मात्र वळवाच्या पावसाआधीं उरकावें, कारण भिजलेलें माळवद अधिकच जड होतें व भिंतींतील मातीची पकड सुटते.