परवाना आणि मागची भिंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे नेहमीप्रमाणे बालकांच्या आहाराविषयी लेख मागितला होता. एका बालरोगतज्ज्ञाने आहार सोडून मद्यालयांच्या परवान्यांविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाकडे मी माझ्या तपासणीच्या खोलीतूनच आलो, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण माता आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा रात्री दचकून उठतो, रडतो, दिवसा चिडचिड करतो, बालवाडीत डुलक्या काढतो, अशी तक्रार होती. जंत, कान, टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड, हिमोग्लोबिन ही आपली ठरलेली यादी मी तपासून पाहिली. सारे यथास्थित होते. मुलगा झोपतो कोठे, हा प्रश्न मी अगदी शेवटी विचारला; खरे तर तो आधी विचारायला हवा होता. ती म्हणाली, "आमच्याजवळच झोपतो, डॉक्टरसाहेब. पण रात्री भिंत हलते."

भिंत हलते म्हणजे काय, हे पाहायला मी एका शनिवारी रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे भाड्याचे घर. त्याच्या पाठीला पाठ लावून एक बार. खोलीत गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते, सूरही कळत नव्हता. येत होता तो फक्त ठेका. भिंतीला तळहात लावला तर नाडी लागावी तसा तो हाताला लागत होता. सवयीने मी घड्याळ धरून मोजला : मिनिटाला १२८. ज्वर चढलेल्या मुलाची नाडी! त्या मुलाला मी कोणते औषध लिहून द्यायचे होते?

येथे एक खुलासा करतो. मी दारूबंदीचा पुरस्कर्ता नाही, आणि रात्री नऊला दिवे मालवून झोपणाऱ्या गावाचे मला कौतुकही नाही. धारवाड तसे गाव कधीच नव्हते. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांच्या या गावात रात्र रात्र मैफली रंगल्या आहेत. मात्र तंबोऱ्याचा नाद तिसऱ्या घरातल्या पाळण्यापर्यंत पोहोचत नसे, एवढाच फरक. ज्याला रात्री मित्रांसमवेत दोन घटका बसायचे आहे, त्याने जरूर बसावे. प्रश्न त्याच्या बसण्याचा नसून मागच्या भिंतीचा आहे.

हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने बंगळूरबरोबरच आणखी दहा महापालिकांच्या हद्दीत बार आणि उपाहारगृहे रात्री एक वाजेपर्यंत उघडी ठेवण्यास मुभा दिली. हुबळी-धारवाड त्यांत आहे. पूर्वी सीएल-९ परवान्याचा साधा बार साडेअकराला बंद होई. त्यास दीड तास वाढवून मिळाला. त्या वेळी महसुलाची चर्चा झाली, पोलिसांच्या गस्तीची झाली, तरुणांच्या नैतिकतेविषयीही पुष्कळ लिहिले गेले. मागच्या घरात झोपलेल्या माणसाची चर्चा माझ्या तरी वाचनात आली नाही.

आपल्या सप्तापुराचेच उदाहरण घ्या. एके काळी कर्नाटक कॉलेजच्या प्राध्यापकांची, पेन्शनरांची ही शांत वस्ती. आज येथे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांची आणि वसतिगृहांची दाटी आहे. विजापूर, बागलकोट, रायचूरकडची शेतकऱ्यांची मुले एकेका खोलीत तिघे-चौघे राहून फौजदारकीचा, तहसीलदारकीचा अभ्यास करतात. यांतली कितीतरी मुले अपचन, डोकेदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. वय अठरा-एकोणीस असल्याने त्यांना मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे की आपणच पाहावे, असा संभ्रम मला दरवेळी पडतो. पाहतो बहुधा मीच. त्यांना किती तास झोपता, असे विचारून पाहा.

कायदा नाही असे नाही. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ५५. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये. परंतु आमच्याकडील बारचे तोंड असते हमरस्त्यावर, म्हणजे व्यापारी भागात; आणि पाठ असते गल्लीत, म्हणजे निवासी भागात. आवाज मोजायला कोणी आलेच, तर तो तोंडाशी मोजतो. झोप मोडते ती पाठीकडे.

दुसरी अडचण मापाचीच आहे, आणि ती आपण डॉक्टरांनी तरी समजून घेतली पाहिजे. नियमातले डेसिबल 'ए' मापनाचे आहेत. मानवी कान मंद्र आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून या मापनात खालच्या कंपनसंख्यांचे वजन कमी धरतात. ६३ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात. आता भिंतीतून पलीकडे जाते ते नेमके हेच. गायिकेचा स्वर विटा अडवतात, ढोलाचा ठेका अडवत नाहीत. त्यामुळे मापकाचा काटा समाधानकारक आकडा दाखवतो आणि बाळ मात्र उठून बसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच शयनगृहात ३० डेसिबलची शिफारस केली, तेव्हा मंद्र आवाज अधिक असेल तर मर्यादा याहूनही खाली हवी, असे बजावले होते.

तिसरी गोष्ट अंतराची. १९६७ च्या अबकारी नियमांत शाळा, रुग्णालय, देवालय यांच्यापासून शंभर मीटरांच्या आत परवाना देऊ नये, अशी अट आहे. हे अंतर पायी जाणारा माणूस ज्या वाटेने एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जाईल, त्या वाटेने मोजतात. मद्याच्या मोहापासून विद्यार्थ्याला दूर ठेवणे हा हेतू असेल तर हे मोजमाप योग्यच म्हणावे लागेल. परंतु आवाज काही कोपऱ्यावरून वळसा घालून चालत येत नाही! आणि सामान्य वस्तीतील राहत्या घराला या यादीत स्थानच नाही.

आवाजावर मी फार रेंगाळलो, कारण तोच माझा अनुभव. परंतु सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलमधील गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांना आग लागली. १४ माणसे गेली, त्यांतील अनेकजण स्वच्छतागृहात आसरा घेऊन तेथेच गुदमरली. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री, येथून घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात, हडफडे येथील नाइट क्लबमध्ये २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य नाचायला आलेले पाहुणे नव्हते. तेथे राबणारे कर्मचारी होते, परप्रांतांतून पोटासाठी आलेले. बाहेर पडायला दार किती आणि आत माणसे किती, एवढ्या दोन आकड्यांवर हे जीव अवलंबून होते. आपल्या गावातील किती बारांत हे दोन आकडे दर्शनी भिंतीवर लिहिलेले आहेत? मी पाहिलेल्या ठिकाणी तरी कोठे दिसले नाहीत. दरपत्रक मात्र ठळक असते.

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. मद्य पिण्यासाठी महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट, कर्नाटकात २१, गोव्यात १८. कोणत्याही राज्याच्या कायद्यात सतरा बसत नाही, तरीही त्याला मद्य मिळाल्याचे पोलिसांनी सांगितले. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या एका पालकाने, मुलाच्या रक्तगटाचा साधा कागद हाती घेताना, हसत हसत "हे याचेच ना, डॉक्टर?" असे विचारले. ते हसू मला अजून बोचते.

मग करावे काय? इंग्लंडने २००३ चा परवाना कायदा केला आणि २००५ पासून अमलात आणला, तेव्हा त्यांनी मद्यालये बंद करण्याची सर्वांना एकच असलेली वेळ काढूनच टाकली. मात्र त्याबरोबर परवान्याचे चार हेतू कायद्यात लिहिले : गुन्हे रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणे आणि बालकांचे अपायापासून संरक्षण. चौथा हेतू वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. परवाना मागणाऱ्याने या चारांसाठी आपण काय करणार ते लिहून द्यायचे. शेजाऱ्यांना ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते, आणि पुढे उपद्रव झाल्यास परवान्याचे फेरपरीक्षण मागता येते. आपण तेथली उशिराची वेळ तेवढी उचलली असे दिसते.

आपल्याकडे याला आधार नाही असेही नाही. बंगळूर शहरात संगीत-नृत्याच्या मद्यालयांसाठी २००५ पासून पोलिसांचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती पद्धत वैध ठरवली. तो आदेश बंगळूरपुरता आहे. वेळ वाढवताना दहा गावे जोडता येतात, तर अटी जोडायला काय हरकत आहे? मात्र अटी शहाण्या हव्यात. महाराष्ट्राने डान्स बारना शाळा व देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट घातली, ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पाळताच येऊ नये अशी अट म्हणजे आडमार्गाने केलेली बंदी.

शहाणी अट कशी असते, हे मला त्या बारच्या मालकानेच शिकवले. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. गृहस्थाने चहा मागवला आणि म्हणाला, "डॉक्टर, आवाज मी कमी करीन. पण माझी गिऱ्हाइके बाहेर पडून रस्त्यावर मोटारसायकल सुरू ठेवून अर्धा तास गप्पा मारतात, त्याचे मी काय करू?" प्रश्न बिनतोड होता. मग आम्ही दोघांनी मिळून जागा पाहिली. जमिनीवरचा मोठा स्पीकर मागच्या भिंतीला टेकलेला होता. तो रस्त्याच्या बाजूला नेऊन खाली जाड रबर घातले. दहानंतर आवाज एका खुणेपुढे जाऊ नये म्हणून यंत्रावर मर्यादा बसवली. रिकाम्या बाटल्या रात्री दीडला पिंपात ओतत, ते काम सकाळी आठवर ढकलले. बंद होण्यापूर्वी अर्धा तास संगीत थांबवून दिवे वाढवायचे, म्हणजे माणसे एकदम न उठता हळूहळू उठतात, ही युक्ती त्याचीच. आणि दारावरचा एक माणूस बंद झाल्यानंतर आणखी अर्धा तास रस्त्यावर ठेवायचा. एकूण खर्च त्याच्या एका शनिवारच्या गल्ल्याहून कमी आला, असे तोच म्हणाला.

महिनाभर हे उत्तम चालले. मग व्यवस्थापक बदलला आणि स्पीकर पुन्हा भिंतीशी आला. कारण आमचा करार तोंडी होता. तो परवान्यावर लिहिलेला नव्हता. त्या कुटुंबाने घर बदलले. मुलगा आता झोपतो. त्या खोल्यांत आता शिकवणी वर्गाची चार मुले राहतात.

म्हणून सुचवावेसे वाटते की, अबकारी वर्ष १ जुलैला सुरू होते आणि परवान्यांचे नूतनीकरण त्याआधी होते, हे आपण ध्यानात ठेवावे. रात्री साडेबाराला ११२ वर दूरध्वनी करून संतापण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावे, आणि त्याखाली आपल्या पदव्यांसह सह्या कराव्यात. आवाज मागच्या भिंतीपलीकडे मोजावा. माणसांची कमाल संख्या आणि दुसरे दार यांची नोंद परवान्यावर असावी. वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय पेला भरू नये. बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या तासाची जबाबदारीही परवानाधारकाचीच असावी. एवढे मागायला आंदोलन लागत नाही. आपल्यांतील कान-नाक-घसा तज्ज्ञांना ध्वनिमापकाची चांगली ओळख आहे. त्यांनी एक रात्र द्यावी.

मात्र त्याआधी एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक स्नेहमेळाव्यात ध्वनिक्षेपक किती वाजता थांबला, हे उपस्थितांना स्मरत असेल. मीही शेवटपर्यंत होतो, आणि एका गाण्यावर नाचलोही. सभागृहाच्या मागे घरे आहेत. आपल्या गणेशोत्सवातील मिरवणुकीविषयी तर बोलायलाच नको. उद्या निवेदन घेऊन गेलो आणि कोणी हेच विचारले, तर मजपाशी उत्तर नाही. या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर भोजनाची वेळ साडेआठ छापली आहे. कार्यवाहांना माझी विनंती आहे की, भाषणे आवरती घेऊन ती वेळ खरोखर पाळावी, आणि दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकाची वायर काढण्याचे काम मला द्यावे.