निकाल कुणाचा, दुखणं कुणाचं?

त्या दिवशी आमच्या घरी हळदीकुंकू होतं. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. रथसप्तमी दोन दिवसांवर आलेली, त्यामुळं राहिलेल्या घरांची नुसती घाई. आतल्या खोलीत आम्ही बायका वाण वाटत होतो आणि बाहेरच्या खोलीत सासरे, दीर आणि गल्लीतली पाच-सहा पोरं टीव्हीपुढं बसलेली. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्त्या चालू होत्या. मधेच बाहेरून असा काही गलका झाला की माझ्या हातातलं कुंकवाचं करंडं पडता पडता राहिलं. मला वाटलं, कुणी पडलं का काय! बाहेर येऊन बघते तर सासरे उभे राहून टीव्हीला बोलायलेत, "अरे, खांदा टेकलाच नाही, खांदा टेकलाच नाही!"

झालं काय होतं, ते बहुतेकींना माहीत असेल. गादी विभागाची अंतिम कुस्ती नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ यांच्यात झाली. मोहोळनं राक्षेला खाली घेतलं आणि पंचांनी कुस्ती चितपट दिली. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत. राक्षेचं म्हणणं, माझे टेकले नाहीत, चित्रीकरण बघा. ते ऐकलं गेलं नाही. मग त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. सगळ्या महाराष्ट्रानं ते पाहिलं. पुढं किताबाच्या कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाडही गुण देण्यावरून चिडला आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांना कुस्तीगीर संघानं तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

आमच्या घरात दोन तट पडले. सासरे म्हणाले, "पंचानं अन्याय केला." दीर म्हणाले, "केला असंल, म्हणून लाथ घालायची का?" पोरं तर मराठवाड्याच्या अभिमानानं पेटलेली. आणि आत बसलेल्या एका वहिनी हळूच म्हणाल्या, "त्या पोराच्या आईला काय वाटत असंल हो?" खरं सांगते, बाहेरच्या सगळ्या चर्चेत मला हेच एक वाक्य शहाणपणाचं वाटलं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, कुस्तीचं आणि आपलं काय? पण आपल्याकडं जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. नारळाच्या कुस्तीपासून हजारांच्या इनामापर्यंत. आपली पोरं तिथं उतरतात, आणि आता आपल्या पोरीही उतरायला लागल्यात. महाराष्ट्र केसरीची सुरुवातसुद्धा आपल्या शेजारीच झाली. १९६१ साली औरंगाबादला पहिली स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. महिलांची महाराष्ट्र केसरी यायला मात्र २०२३ चा मार्च उजाडावा लागला. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडीनं वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा मिळवली. पोरांनंतर बासष्ट वर्षांनी पोरींना गदा मिळाली. तेव्हा मैदानात न्याय होतो की नाही, हा प्रश्न आता आपल्या घरातला झालाय.

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, त्यावरून असाच गदारोळ झाला. सिकंदरचे वडील हमाली करणारे. अशा घरातलं पोर वर येतं तेव्हा लोकांचा जीव त्याच्यात गुंततो, म्हणून लोक जास्तच चिडले. तेवढं ठीक. पण पुढं पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. म्हणजे निकाल आवडला नाही की कधी लाथ, कधी धमकी. आणि मोबाइलवर तर तीच तीच चित्रफीत दिवसभर फिरते. घरात बसलेला प्रत्येक माणूस पंच होतो.

जुन्या काळी सगळं छान होतं असंही नाही बरं का. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एक लांबलेली कुस्ती संपवून ते दमलेले असताना त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीसाठी बोलावलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. नियम कागदावर होता, पण खेळाडूच्या बाजूनं बोलणारं माणूस नव्हतं. मला वाटतं, दुखण्याचं मूळ इथं आहे.

बाहेरच्या देशांतही हेच रडगाणं आहे. आपल्याकडं कुस्ती तसा तिकडं फुटबॉल. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी याँगनं स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या थेट छातीत लाथ घातली. पंच हॉवर्ड वेब यांनी नुसतं पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षक खवळले. नंतर वेब यांनी स्वतःच कबूल केलं, की मला नीट दिसलं नाही, लाल कार्ड द्यायला हवं होतं. पुढं २०१८ च्या विश्वचषकात चित्रीकरण बघून निर्णय तपासायची सोय आली. क्रिकेटमध्ये तर ती १९९२ पासूनच आहे. डरबनच्या कसोटीत तिसऱ्या पंचांनी टीव्ही बघून पहिला बळी दिला तो आपल्या सचिनचाच! तेव्हा पंच चुकू शकतो, हे जगानं मान्य केलंय. चुकणं हा गुन्हा नाही. चूक तपासायला दारच ठेवायचं नाही, हा गुन्हा आहे.

पण यंत्रानं सगळं सुटतं असंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपली निशा दहिया उत्तर कोरियाच्या मुलीविरुद्ध ८-१ अशी पुढं होती. अगदी शेवटी तिच्या हाताला जबर दुखापत झाली. एका हातानं, रडत रडत ती लढली आणि ८-१० अशी हरली. मुद्दाम दुखवलं, असा तिच्या प्रशिक्षकांनी आरोप केला. खरं-खोटं मी कसं सांगू? पण ते रडणं बघताना मला आमच्या गल्लीतली पोर आठवली. तिची गोष्ट सांगण्यासाठीच आज लिहायला बसलेय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींच्या शालेय कुस्त्या होत्या, एका दुसऱ्या तालुक्याच्या गावी. सोबत बाई माणूस नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मी बचत गटाची कामं करते, कुठंही जाते, म्हणून आईवडिलांनी विश्वासानं पोर माझ्याबरोबर पाठवली. वय चौदा. शेतात खुरपून काटक झालेली. पहिली कुस्ती मस्त जिंकली. दुसरीत समोरच्या मुलीनं तिचा हात मागं नेऊन पिळायला सुरुवात केली. हात काटकोनापलीकडं वाकवायचा नाही, असा नियम आहे. हे मला नंतर कळलं, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. पण पोरीचा चेहरा दिसत होता. मी ओरडले, "अहो, सोडवा!" पंचांची शिट्टी वाजली, पण उशिरा वाजली. तोवर कोपर गेलं होतं.

आणि मग जे झालं ते ऐका. आमच्या बाजूचे सात-आठ बाप्ये गादीवर धावले. समोरच्या गावचेही धावले. पंचांना घेरलं. शिव्या, ढकलाढकली, "आम्हाला न्याय पाहिजे" म्हणून आरडाओरडा. पंधरा-वीस मिनिटं हाच गोंधळ. ज्या पोरीसाठी न्याय मागणं चाललं होतं, ती कोपऱ्यात भिंतीला टेकून हात धरून बसलेली. तिच्याजवळ कोण? एक मी आणि दुसरी, जिनं हात पिळला तीच मुलगी! तीही रडत होती. "काकू, मी मुद्दाम नाही केलं, मला असंच शिकवलंय," म्हणत होती. डॉक्टर नव्हता. बर्फ नव्हता. एका पोराला मी सोड्याच्या गाडीवर पिटाळलं, त्यानं रुमालात बर्फ आणला. भांडणाऱ्यांपैकी एकाची जीप मिळवायला मला त्याच्यावर ओरडावं लागलं.

निकालाचं काय झालं म्हणता? काहीच नाही. लेखी तक्रार कुणी दिलीच नाही. ओरडून सगळ्यांचं समाधान झालं होतं.

हात दोन महिन्यांत बरा झाला. पण तिची कुस्ती संपली. वडील म्हणाले, "ताई, बास झालं आता. उद्या लग्नाला अडचण यायची." इथंच पोरात आणि पोरीत फरक पडतो बघा. पोराला लागलं तर बाप म्हणतो, पुढच्या वर्षी बघून घेऊ. पोरीला लागलं तर पुढचं वर्षच येत नाही. पंचाची एक उशिरा वाजलेली शिट्टी पोराची एक कुस्ती घालवते, पोरीचं मात्र सगळं मैदानच काढून घेते. म्हणून धोकादायक पकडींचा आणि ढिल्या पंचगिरीचा राग बाप्यांपेक्षा आपल्याला जास्त यायला पाहिजे.

राग यावा. पण तो कुठं न्यायचा, ते कळलं पाहिजे. आमच्या बचत गटात सुरुवातीला कर्जाच्या पाळीवरून रोज भांडणं. अध्यक्षीण आपल्या जावेला आधी देते, असा आरोप. मग आम्ही एक केलं. दर बैठकीत वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आणि कुणाची हरकत असेल तर ती त्याच वहीत लिहायची. भांडणं शून्यावर आली असं नाही म्हणत. पण आरडाओरडा थांबला. आपलं म्हणणं लिहून घेतात, एवढं कळलं की माणूस निम्मा शांत होतो. मोठ्या मैदानालाही हेच लागू आहे. गादीवर एक पंच, बाजूला दुसरा आणि वर प्रमुख, असे तिघं असतात. निर्णय वादाचा असेल तर तो का दिला हे दोन वाक्यांत माइकवर सांगायला काय हरकत आहे? चित्रीकरण असेल तर सगळ्यांना दाखवावं. चूक निघाली तर मान्य करावी. पंचांचा मान त्यानं कमी होणार नाही, उलट वाढेल. आणि एवढं करूनही जो हात उगारेल त्याला जरूर शिक्षा करा. राक्षेची लाथ चूकच होती, यात मला शंका नाही. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान तो. लहान पोरं त्याच्याकडं बघून शिकतात.

आता आपण काय करायचं? मी माझ्यापुरतं ठरवलंय, तुम्हालाही सांगते. पोरगी खेळायला जाणार असेल तर शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारायच्या. मैदानावर डॉक्टर आणि गाडी असणार का? सोबत बाई माणूस कोण? आणि तक्रार असेल तर ती कुणाकडं, कशी द्यायची? विचारायला लाजू नका. घरी पोरीला सांगायचं, जास्त दुखलं तर हात आपट, ओरड, जीव दाबून सोसू नको. सोसायचं आपण पोरींना फार लवकर शिकवतो. मैदानात तरी ते नको. दुसऱ्याच्या लेकराला दुखवून जिंकायचं नाही, हेही त्याच दमात सांगायचं. आणि घरच्या बाप्यांना बजावायचं, गादीवर धावायचं नाही. धावायचंच असेल तर पोरीकडं धावा.

ती पोर आता बारावीला आहे. परवा माझ्याकडं आली होती. तिची धाकटी बहीण कबड्डीच्या संघात निवडली गेलीय आणि वडील नाही म्हणतायत. मी समजवायला गेले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुम्ही संग जाणार असाल तर पाठवतो."

मी हो म्हटलंय. पण मी एकटी कुठं कुठं पुरणार? मैदानाच्या कडेला आजवर बाप्येच उभे राहिले. आता आपणही सतरंजी टाकून बसू या. येताना पाण्याची बाटली, स्वच्छ फडकं आणि थोडा बर्फ घेऊन या.