हात लावा, वाजवा!

डिसेंबर उजाडला की चेन्नईत गाण्याचा मोसम सुरू होतो. मैलापूर, त्यागरायनगर भागातल्या सभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीत जाणकार श्रोते मांडीवर हाताने ताल धरून तल्लीन होतात. पण श्रोत्याचा सहभाग एवढाच! व्यासपीठावरच्या वीणेला हात लावायची कुणाची छाती होणार? आपल्याकडेही काय वेगळे आहे? पेटी कपाटावर, तंबोरा गवसणीत आणि मुलाने बोट लावलेच तर ‘ठेव ते, मोडशील’ हे ठरलेले.

याच चेन्नईपासून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटर गेले की ऑरोविल लागते. तिथे ‘स्वरम्’ नावाची वाद्यांची कार्यशाळा आहे. ऑरेलिओ यांनी २००३ साली ती सुरू केली आणि भोवतालच्या खेड्यांतल्या तरुणांना वाद्ये घडवायला शिकवले. घंटानळ्या, दगडी पट्ट्यांची वाद्ये, जीभा कापलेले ढोल अशी तिथली कितीतरी वाद्ये गाणे न शिकलेल्यालाही वाजवता येतात. सगळ्यात नवल वाटते ते गाणाऱ्या दगडाचे. ग्रॅनाइटच्या ठोकळ्याला समांतर खाचा पाडलेल्या असतात. तळवा ओला करून त्यावरून फिरवला की दगड घुमू लागतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दगडाच्या मागे वाकून पाहतो.

अशा ‘सर्वांच्या’ वाद्यांची खरी परीक्षा होते ती अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात. ‘बर्निंग मॅन’ हा उत्सव १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडी पुतळा जाळून सुरू झाला आणि १९९० पासून वाळवंटात भरू लागला. आता ऑगस्टच्या अखेरीस सत्तर हजारांच्या आसपास माणसे तिथे तंबू ठोकून राहतात. बर्फ सोडला तर जवळपास काहीच विकत मिळत नाही. पाणी, शिधा, सगळे आपले आपण न्यायचे. परतताना जमिनीवर पडलेला स्क्रूसुद्धा वेचून आणायचा. कलाकार तिथे प्रचंड शिल्पे उभारतात आणि त्यांतली काही वाजतातही. पाय ठेवला की सूर उमटतो, दांडी हलवली की दिवे लागतात.

कल्पना सुंदर, पण उभारणाऱ्याचे हाल विचारू नका! तिथली धूळ पिठासारखी बारीक आणि खारी. बटणांच्या फटींत, तारांच्या जोडांत ती शिरतेच. वावटळ उठली की चार हातांवरचे दिसत नाही. म्हणून सांगाडा लोखंडी सळयांनी जमिनीत जखडावा लागतो आणि विजेचे भाग बंद पेटीत ठेवावे लागतात. २०२३ मध्ये तर पाऊस पडून सगळा चिखल झाला आणि हजारो माणसे अडकून पडली.

धुळीचे एक वेळ जमेल, पण माणसाच्या हाताचे काय? गर्दीतला कुणीही, कशावरही, कसाही ठोका मारणार. चार अनोळखी माणसे एकदम वाजवू लागली तर कल्लोळ व्हायचा. त्यावरचा तोडगा आपल्या परिचयाचा आहे. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर ठेवायचे, म आणि नी गाळायचे. हा आपला भूप, चेन्नईकरांचा मोहनम्. शुद्ध ग आणि म, तसेच नी आणि वरचा सा हे अगदी जवळजवळचे स्वर. एकदम वाजले की तेच कानाला टोचतात. ते काढून टाकले की आडवेतिडवे ठोकेसुद्धा गोड लागतात. ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ म्हणणाऱ्या आजीच्या हातूनही चुकीचा सूर निघतच नाही!

नळ्या कापतानाही गंमत आहे. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. नळीचे तसे नाही. एक मीटरच्या नळीने सा दिला तर वरच्या सासाठी सुमारे एकाहत्तर सेंटिमीटरची नळी लागते. शिवाय एक मीटरची नळी टांगायची ती टोकापासून साधारण साडेबावीस सेंटिमीटरवर. तिथे नळी कमीत कमी थरथरते. भलतीकडे दोरी बांधली तर नाद घुसमटतो.

चेन्नईत वाळवंटाची धूळ नाही, पण खारा दमट वारा आहे. रिची स्ट्रीटवरून आणलेले इलेक्ट्रॉनिक सुटे भागही त्यापुढे कुरकुरू लागतात. तरीही चेन्नई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकात पियानोसारख्या वाजणाऱ्या पायऱ्या बसवल्या गेल्या होत्या. स्टॉकहोममध्ये २००९ साली असाच प्रयोग झाला, तेव्हा सरकता जिना सोडून पायऱ्या चढणारे नेहमीपेक्षा ६६ टक्क्यांनी वाढले, असे तो करणाऱ्यांनी जाहीर केले होते.

अर्थात हौसेचीही झीज असते. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब अनेकांनी पाहिले असतील. आता त्यांवर ठोके मारायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. खांब झिजला तर दुसरा कुठून आणणार? नव्या वाद्यांची दोरी, रबर आणि टोला मात्र पाना घेऊन दहा मिनिटांत बदलता यायला हवेत. बागेच्या उद्घाटनाला फीत कापायला माणसे पुष्कळ मिळतात. दोरी बदलायला कोण येणार, हे आराखडा काढतानाच ठरवावे लागते.