वडाचं वेळापत्रक

लातूर-नांदेड रस्त्यावर मी सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. चाकूर, अहमदपूर, लोहा ही मोठी गावं सोडली तर मधले कितीतरी थांबे झाडांवरूनच ओळखले जायचे. "मास्तर, वडाजवळ बेल मारा," म्हणत म्हातारी लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडायची. गाडी तिथं थांबली की टपावर फळं टपटपायची. वर बघावं तर नुसती पानं. मग त्यातलंच एक पान उडून जायचं. ते हरियल. आपला राज्यपक्षी, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आता तो रस्ता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झालाय. रस्ता नको होता, असं म्हणणारा मी नव्हे. खड्ड्यांत तोल सावरत तिकिटं फाडलीत मी. पण लोक ज्यांना निजामाच्या काळातली म्हणत ते वड, चिंचा, लिंब रुंदीकरणात गेले. 'एकाला दहा लावू' हा हिशेब मला पटत नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. आमचं जंगल रस्त्याच्या कडेलाच होतं.

रानातल्या बाकीच्या झाडांचे हंगाम ठरलेले. फाल्गुनात पळस पेटला की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. चैत्र सरता सरता त्या मध्य आशियाकडे निघतात. लिंबोळ्या पिकतात त्या ज्येष्ठ-आषाढात. मग इतर महिन्यांत फळं खाणाऱ्या पाखरांनी काय खायचं?

तिथं वड, पिंपळ, उंबर कामाला येतात. वडाची फुलं फळाच्या आत असतात. आत शिरून परागण करणारी गांधीलमाशी तिळाएवढी, आणि आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. ती एका झाडातून बाहेर पडेल तेव्हा वाऱ्यावर गाठता येईल अशा अंतरात दुसरं झाड तयार असावं लागतं. म्हणून एका वडाची फळं एकदम पिकतात, पण पुढच्याची वेळ निराळी असते. एक गाडी फलाटावरून सुटावी आणि दुसरी लागावी, तसं. मधल्या चार गाड्या रद्द केल्या की प्रवाशांचे काय हाल होतात, हे मला कुणी शिकवायला नको.

दुभाजकात आता कन्हेर आणि बोगनवेल आहे. कन्हेरीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

२०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. आकड्याचं राहू द्या. रोपांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: हे झाड कोणत्या महिन्यात फुलतं, फळतं आणि ते कोण खातं. आणि महामार्गाच्या हद्दीत जागा नसेल तर गायरानं आहेत, तळ्यांचे काठ आहेत, स्मशानभूमी आहेत. तिथं वडाचे जाड खुंट रोवा. ते बोटभर रोपापेक्षा लवकर सावली धरतात. वटपौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या बायका बाजारातून आणलेली फांदी पुजतात. ती फांदीही कुठल्या तरी वडाचीच तोडलेली असते.

गेल्या आषाढात गायरानाच्या कडेला मी मनगटाएवढे चार खुंट रोवले. दोन धरलेत. एक शेळ्यांनी सोलला. चौथ्याचं अजून काही सांगता येत नाही.