वजनकाटा विसरून केलेली तुलना

संपादक महोदय,

जुनी मर्सिडीज डब्ल्यू१२४ आणि स्मार्ट रोडस्टर यांच्या तुलनेत आपल्या लेखकांनी रोडस्टरला ‘खेळणे’ ठरवले. निकाल आधी, पुरावा नंतर, असा हा प्रकार आहे.

एक, ६९८ सीसीचे इंजिन पाहून त्यांनी नाक मुरडले. पण रोडस्टर ८२ अश्वशक्तीची आणि वजनाने जेमतेम ८०० किलो. डब्ल्यू१२४ पैकी ‘२०० ई’ ११८ अश्वशक्तीची, पण सुमारे १३०० किलोची. किलोमागे हिशेब केला की पारडे रोडस्टरकडे झुकते.

दोन, सेडान ‘अधिक सुरक्षित’ हे सरसकट विधान टिकत नाही. घसरती गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा मर्सिडीजने १९९५ मध्ये एस-क्लास कूपेत आणली. डब्ल्यू१२४ ला ती कधीच मिळाली नाही. २००३ च्या रोडस्टरमध्ये ती मुळातच होती.

तीन, रोडस्टर बंद झाली ती गिऱ्हाईक नव्हते म्हणून नव्हे. वॉरंटीतल्या दुरुस्त्यांचा खर्च कंपनीला भोवला.

गिअर बदलताना ती रेंगाळते, एवढे मान्य. पाच माणसे न्यायची असतील तर डब्ल्यू१२४ पैकीच १९९५ पासून पुण्यात जुळणी झालेली ई-२२० खुशाल घ्या. दोन आसनी गाडीला मात्र डिकीचे माप लावून नापास करू नका.

आपला,
एक वाचक, पुणे