आधी सेवापुस्तक, मग सॉफ्टवेअर

शासकीय कर्मचाऱ्याची सारी नोकरी एका सेवापुस्तकात नोंदलेली असते. नियुक्ती, जन्मतारीख, वेतनवाढ, रजा, बदली, पदोन्नती, नामनिर्देशन या सगळ्यांच्या नोंदी त्यात होतात आणि अखेरीस त्यांच्याच आधारे निवृत्तिवेतन ठरते. तीस-पस्तीस वर्षे हे पुस्तक कर्मचाऱ्यामागून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. वाटेत एखादी वेतननिश्चिती अर्धवट राहते, एखाद्या नोंदीवर सही होत नाही, आणि हे सारे उघड होते ते निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार करताना. म्हणूनच मनुष्यबळ व्यवस्थापनाची संगणकीय प्रणाली सरकारी कार्यालयांत यायलाच हवी. ती कोणत्या क्रमाने आणावी, याचा विचार मात्र आपण पुरेसा केलेला नाही.

सुरुवात केव्हाच झाली आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘ई-एचआरएमएस’ सुरू केली. केरळमध्ये ‘स्पार्क’, उत्तर प्रदेशात ‘मानव संपदा’ या प्रणाली आहेत. महाराष्ट्रात कर्मचाऱ्यांची वेतनदेयके ‘सेवार्थ’मधून, तर शिक्षकांची ‘शालार्थ’मधून तयार होतात. म्हणजे पगार संगणकावर आला. पण तो ज्या नोंदींवर ठरतो, ते सेवापुस्तक अनेक कार्यालयांत अजून कपाटातच आहे.

या प्रणालींचा उपयोग खरा आहे. उत्तर प्रदेशात २०२० मध्ये शिक्षकांची माहिती एका ठिकाणी गोळा होऊ लागली, तेव्हा एकाच महिलेच्या कागदपत्रांवर अनेक कस्तुरबा गांधी विद्यालयांत नेमणुका झाल्याचे उघडकीस आले. जिल्हावार फायलींत हे कदाचित कधीच दिसले नसते. पण केवळ प्रणाली असल्याने गैरव्यवहार थांबत नाही. २०२५ मध्ये नागपुरात बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण बाहेर आले आणि शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना अटक झाली. बोगस नेमणुका संगणकात रीतसर शिरल्या होत्या. संगणक नोंद साठवतो. ती खरी आहे की नाही, हे आदेशाशी ताडून पाहणारा माणूसच सांगू शकतो.

या माणसाला आधीच दूर केले तर काय होते, याचा धडा कॅनडाने दिला आहे. तेथील संघीय सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही वेतनप्रणाली सुरू केली. तिच्यातून सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांचे पगार व्हायचे होते आणि वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचणार होते. त्या बचतीच्या भरवशावर विभागोविभागी वेतनाचे काम पाहणाऱ्यांची पदे रद्द करून ते काम न्यू ब्रन्सविकमधील मिरामिशी या गावच्या केंद्रात एकवटले गेले. वेतनाचे ८० हजारांहून अधिक नियम होते. मुदत आणि खर्च सांभाळण्यासाठी प्रणालीतील काही सोयी वगळल्या गेल्या आणि एका विभागात आधी करून पाहायची चाचणीही रद्द झाली. मग कोणाला पगारच मिळेना, कोणाला कमी मिळे, तर कोणाला जास्त मिळून पुढे वसुलीची नोटीस येई. महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये या प्रकल्पावर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवला. अपेक्षित बचत दूरच राहिली; सरकारला अब्जावधी डॉलर ओतावे लागले. नियम जाणणारी माणसे गेली होती आणि चुका कोणी दुरुस्त करायच्या, हेच कळेनासे झाले होते.

आपल्याकडचे नियमही सोपे नाहीत. १९८१ चे वेतन नियम आणि रजा नियम, १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, त्यांवरचे असंख्य शासन निर्णय, एकामागून एक वेतन आयोग, १०-२०-३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना. या साऱ्यांची सांगड आस्थापना शाखेतला अनुभवी लिपिक घालतो. तरीही चुका होतात आणि वेतन पडताळणी पथकाच्या आक्षेपानंतर जादा प्रदानाची वसुली निघते. अशा वसुलीतून गट क आणि गट ड मधील कर्मचाऱ्यांना, निवृत्तांना आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफीक मसीह प्रकरणात संरक्षण दिले. कार्यालयाच्या चुकीचा भार दुबळ्या कर्मचाऱ्यावर टाकू नये, हा त्यामागचा विचार आहे. संगणकीय चुकीलाही तोच लागू व्हायला हवा.

म्हणून नोंदी संगणकावर नेण्यापूर्वी सेवापुस्तकांची पडताळणी मोहीम घ्यावी. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद पाहता यावी, हरकत घेता यावी आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. काही महिने जुनी व नवी पद्धत शेजारी-शेजारी चालवून दोन्हींचा हिशेब जुळतो का, हे तपासावे. कोणत्या लॉगिनवरून कोणती नोंद केव्हा बदलली, याची पुसता न येणारी नोंद राहावी. आस्थापनेतील जाणत्या लिपिकांना प्रणालीच्या आखणीत घ्यावे आणि ती स्थिरावेपर्यंत त्यांच्या पदांना हात लावू नये.

पगार हे दबावाचे साधनही होऊ नये. उत्तर प्रदेशात २०२४ मध्ये मालमत्तेचे विवरण ‘मानव संपदा’वर न भरल्याने लाखो कर्मचाऱ्यांचे ऑगस्टचे वेतन रोखले गेले. विवरण मागणे योग्यच. पण त्यासाठी शिस्तभंगाचे नियम आहेत. शिवाय प्रणालीच कोसळली तर? २०१८ च्या सुरुवातीला ‘शालार्थ’ बंद पडली, तेव्हा राज्यातील शिक्षकांचे पगार काही महिने ऑफलाइन पद्धतीने करावे लागले. अशी पर्यायी व्यवस्था आधीपासून लेखी आणि तयार असली पाहिजे.

या प्रणालींचे यश किती कार्यालये जोडली, यावरून मोजण्याची सवय सोडायला हवी. शेवटच्या तालुक्यातला शिपाई निवृत्त होतो, त्या महिन्यात त्याचे निवृत्तिवेतन एकही आक्षेप न निघता मंजूर होते का, हा खरा निकष आहे. शासनाने हा निकष जाहीर करावा आणि दरवर्षी त्याचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा.