हजारी भाव आणि गरिबाची भिंत

पंतप्रधान आवास योजना शहरांतून २०१५ सालीं सुरू झाली व २०२४ सालीं तिचा दुसरा टप्पा निघाला. तिच्या अन्वयें बांधावयाच्या घरांचे नकाशे, अनुदान, सोडत, लाभार्थ्यांच्या याद्या यांवर नगरपालिकांच्या सभांतून मोठ्या हिरिरीनें वाद होतात. परंतु तीं घरें ज्या विटेचीं व्हावयाचीं, त्या विटेविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. तिचा निकाल निविदेंतील एका ओळींत, हजारी भाव अमुक रुपये, असा लागतो. हा निकाल चुकीचा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

वीट किती भार सोसते, एवढेंच आपले लोक विचारतात. वास्तविक बहुमजली इमारतींत भार काँक्रीटचे खांब व तुळया घेतात. विटेकडे भिंत भरण्याचें व पाऊस अडविण्याचें काम उरतें. म्हणून येथें खरा प्रश्न वीट पाणी किती पिते हा होय. भारतीय मानक १०७७ प्रमाणें साधी भाजलेली वीट चोवीस तास थंड पाण्यांत बुडविली असतां तिचें वजन शेंकडा २० हून अधिक वाढतां कामा नये. म्हणजे तीन किलोच्या विटेस सहाशें ग्रॅम पाणी पिण्याची मुभा मानकानेंच दिली आहे! अर्धवट भाजलेली वीट याहूनही तहानलेली असते. त्यांत मातींत क्षार असले तर भिंतीस लोणा लागून गिलावा सुटतो, आणि काळ्या मातींतले चुनखडे विटेंत राहिले तर ओल लागतांच ते फुगून विटेचे टवके उडवितात. हें सारें घराचा ताबा दिल्यावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यांत उघडकीस येतें. तेव्हां कंत्राटदाराचें बिल चुकतें झालेलें असतें, आणि तीस चौरस मीटरच्या खोलींत ओल्या भिंतीशीं अंथरूण घालणारें कुटुंब कर्जाचे हप्ते भरीत असतें.

मग मातीची वीट सोडून राखेची घ्यावी काय? कोराडी, चंद्रपूर, परळी येथील वीजकेंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. तिची वीट केल्यास शेतांतली वरची कसदार माती वांचते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनें अशा केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या आंतील बांधकामांस, भाव इतर मालाहून अधिक नसल्यास, राखेचा माल वापरणें बंधनकारक केलें आहे. हें धोरण आम्हांस मान्य आहे. तथापि राखेची वीट ओलवून नीट मुरविली नाहीं तर तीही ठिसूळच निघते. नांव बदलल्यानें गुण येत नाहींत. हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे वजनानें मातीच्या विटेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतात व काम झपाट्यानें उरकतें. पण त्यांस साधा खिळा नीट धरत नाहीं. लहान घरांत फळ्या, मांडण्या सारें भिंतीवरच टांगावयाचें असतें, हें कचेरींत बसून ठोकळा पसंत करणाऱ्यास सुचत नाहीं.

स्वस्त विटेची स्वस्ताई कोठून येते, हेंही एकदां पाहिलें पाहिजे. रायगड-ठाण्याकडील कातकरी कुटुंबें उचल घेऊन मुलाबाळांसह भट्टीवर राबतात. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली, तरी उचलीचा फांस सुटलेला नाहीं. एका गरिबाचें घर दुसऱ्या गरिबाच्या गुलामगिरीवर रचणें कोणत्या सुधारणेंत बसतें?

आमचे व्यापारी वाचक नमुना पाहून सौदा करतात व पोतें उघडल्यावर माल नमुन्याबरहुकूम नसेल तर परत पाठवितात. १९३० च्या वस्तुविक्रय कायद्याचें १७ वें कलम याच व्यवहाराचें आहे: नमुन्यावरून झालेल्या विक्रींत सर्व माल नमुन्याप्रमाणें असला पाहिजे, व तो ताडून पाहण्याची संधि खरीददारास मिळाली पाहिजे. नगरपालिका मात्र पहिल्या गाडींतल्या चार खणखणीत विटा पाहून पुढच्या शंभर गाड्या डोळे मिटून उतरवून घेते! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें ताबा दिल्यापासून पांच वर्षांत कामाचा वा मालाचा दोष दाखविल्यास तो प्रवर्तकानें बिनमोबदला दुरुस्त करावयाचा आहे, आणि प्रवर्तक या शब्दांत सार्वजनिक संस्थाही येतात. पण दोष विटेचा कीं वापराचा, हा वाद निघाला म्हणजे घरमालकाच्या हातीं पुरावा कोठला?

तो पुरावा बांधकाम चालू असतांनाच निर्माण करून ठेवला पाहिजे. भाव हजारीं न मागतां गिलाव्यासह तयार भिंतीच्या चौरस मीटरास मागावा. वेड्यावांकड्या विटेस जास्त लागणारा मसाला मग हिशेबांत आपोआप दिसेल. नमुने ढिगांतून पालिकेच्या माणसानें उचलावे, कंत्राटदारानें निवडून देऊं नयेत. त्यांचा दाब, पाणी व लोणा यांचा निकाल मराठींत लिहून कामाच्या फाटकावर लावावा आणि त्याची नक्कल किल्लीबरोबर प्रत्येक कुटुंबास द्यावी. या तपासणीचा खर्च इमारतीच्या खर्चापुढें नगण्य आहे. तेव्हां पैशाची सबब कोणी पुढें करूं नये. पुढच्या सभेंत निविदा मंजुरीस येईल तेव्हां एवढ्या अटी तींत आहेत कीं नाहींत, हें आपल्या वॉर्डाच्या सभासदास नागरिकांनीं आधींच विचारून ठेवावें.